नानाला पत्र: विमानातल्या महागड्या ताटाबद्दल

सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय नाना,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी होटगी रोडच्या एका कार्यालयात साडेसहाशे पानांच्या लग्नात होतो. मागे भट्टी पेटलेली, वाढपी पोरं मठ्ठ्याच्या जगांसाठी ओरडत होती. तू "काय करलालास बे?" म्हणालास आणि पुढचं निम्मं मला ऐकूच आलं नाही. पण प्रश्न कळला. लेकीकडे अमेरिकेला जाताना बिझनेस क्लास काढू का, वहिनींच्या मैत्रिणी सांगतात की तिथलं जेवण पंचतारांकित असतं, तू जाऊन आलास, शिवाय तू आचारी, तेव्हा तूच सांग. असा प्रश्न भट्टीशेजारी उभं राहून निकाली काढण्यासारखा नाही. म्हणून हे पत्र. लांबेल, पण तू निवांत वाचशील याची खात्री आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं पोराकडे जर्मनीला गेलो. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. आठ-नऊ तास पाय दुमडून बसवणार नाही म्हणून पोराने हट्टाने बिझनेस क्लासचं तिकीट पाठवलं. माणशी जाऊन-येऊन दोन लाख पस्तीस हजार. त्याच तारखांना मागच्या भागातलं तिकीट पासष्ट हजारांना मिळत होतं. फरक एक लाख सत्तर हजारांचा. जाताना दोन वेळचं खाणं, येताना दोन वेळचं. हा सगळा फरक जेवणापायी मोजला असं धरलं तर एका ताटाला साडेबेचाळीस हजार रुपये पडतात. मी सध्या लग्नात तीनशे वीस रुपये ताट घेतो, त्यात दोन भाज्या, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, सगळं आलं. हा हिशेब मी मुंबईला पोचेपर्यंत वंदे भारतमध्ये बसून वहीत मांडला होता आणि मनात धरलं होतं की आता ते ताट नीट बघायचं.

बघितलं. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांनी आमची बाकी काळजी चांगली घेतली. पांढरा कापडी रुमाल, चिनी मातीची भांडी, खरे स्टीलचे काटे-चमचे. सुरुवातीला गरम ओला नॅपकिन दिला. मी आपल्या सोलापूरच्या सवयीने तो उलटसुलट करून टेरीचा पोत बघितला, बरा होता. मग जेवण आलं. डाळ उत्तम. खरंच उत्तम, रात्रभर मंद आचेवर ठेवल्यासारखी घट्ट, मला रेसिपी विचारावीशी वाटली. भात ठीक. पनीर रबरासारखं. रोटी चामड्यासारखी, दोन्ही हातांनी ओढली तेव्हा तुटली. सकाळचं ऑम्लेट दाबलं की परत वर यायचं. आणि सगळ्याला मीठ कमी वाटत होतं, डाळीला सोडून.

इथे मला आचारी म्हणून राग यायला हवा होता, पण मी विचारात पडलो. पनीर वाईट करणारा माणूस अशी डाळ करू शकत नाही. म्हणजे आचारी जाणता आहे, गडबड पुढे कुठेतरी होतेय. परत आल्यावर मी यावर बरंच वाचलं. आपल्या कार्यालयातून वाढायला यायचा तो एक पोरगा आता मुंबईत विमानांच्या स्वयंपाकघरात काम करतो, त्याला बोलावून दोन तास बसवून घेतलं. त्याने सांगितलं ते ऐकून माझा त्या आचाऱ्यांबद्दलचा आदर वाढला.

नाना, विमानात कुणी स्वयंपाक करत नाही. तिथे ज्योत नाही, तवा नाही, फोडणी नाही. जेवण विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात कित्येक तास आधी शिजतं, आणि तेही पूर्ण नाही, थोडं कच्चं ठेवून. शिजलं की लगेच गार हवेच्या यंत्रात घालून पाच अंशांच्या खाली आणतात. मग थंडच भांड्यांत भरतात, ट्रॉल्यांत रचतात, हौदा वर उचलणाऱ्या ट्रकने विमानाच्या दारापर्यंत नेतात. वर गेल्यावर गरम हवेच्या भट्टीत वीसेक मिनिटं तापवतात. बिझनेस क्लासमध्ये मग ते चांगल्या ताटलीत काढून सजवतात. मागच्या भागात झाकण न काढता हातात देतात. भट्टी तीच, हवाही तीच.

तू म्हणशील, गार कशाला करायचं? याला कारण आहे, आणि ते मी आता माझ्या कामावरच्या पोरांना सांगत असतो. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून पॅरिसला निघालेल्या एका जम्बो विमानात १९७ माणसं एकदम आजारी पडली, उलट्या, जुलाब. विमान वाटेत अलास्कातल्या अँकरेजला थांबलं होतं, तिथून नाश्ता चढवलेला. चौकशीत निघालं की तिथल्या एका आचाऱ्याच्या बोटावर चिघळलेली जखम होती, त्याचा हात लागला, आणि ते हॅमचं ऑम्लेट पुढे कित्येक तास गार न ठेवता तसंच राहिलं. त्या विमानाचे वैमानिक सुदैवाने वाचले, त्यांनी वेगळं खाल्लं होतं. दोन्ही वैमानिकांना एकच जेवण द्यायचं नाही, ही रीत पुष्कळ कंपन्या पाळतात ती यासाठीच. मी हे वाचल्यापासून बोटाला पट्टी असलेल्या पोराला कणकेला हात लावू देत नाही, चिरायलाही नाही. त्या दिवशी त्याला पूर्ण मजुरी देऊन खुर्च्या लावायला पाठवतो.

तेव्हा गार करणं आलंच. आणि गार करून पुन्हा तापवलं की काय टिकतं, काय मरतं, हे तुला कुठलीही गृहिणी सांगेल. डाळ, आमटी, उसळ, रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात. पुरी, भजी, रोटी, अंडं आणि भाजलेलं कोरडं पनीर मरतं. आपण लग्नातही पुऱ्या पंगत बसल्यावरच तळतो ना. मग दोन लाखांच्या तिकिटातल्या ताटात हेच मरणारे पदार्थ का घालतात? मला वाटतं, दिसायला भारी म्हणून. मेनूच्या जाड कागदावर "उसळ" छापली तर माणसाला आपले पैसे वाया गेले असं वाटेल, ही त्यांना भीती. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो आचारी उसळ केवढी सुंदर करेल हे त्या डाळीवरून मला कळलं आहे.

दुसरी गोष्ट जिभेची. विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं, आणि आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर बसून जेवायचं, आणि हवा आपल्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा कोरडी, ओलावा दहा-वीस टक्क्यांच्या आसपास. नाक सुकतं. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, तो तिथेच गेला. लुफ्थान्सा या विमान कंपनीने जर्मनीतल्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेकडून यावर अभ्यास करवून घेतला होता, २०१० च्या सुमारास. जमिनीवरच उभ्या केलेल्या विमानाच्या तुकड्यात हवेचा दाब कमी करून लोकांना जेवायला घातलं. मिठाची चव वीस-तीस टक्के मंदावते आणि साखरेची पंधरा-वीस टक्के, असं आढळलं. टोमॅटोची चव मात्र टिकते, उलट चांगली लागते, म्हणून विमानात टोमॅटोचा रस इतका खपतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, की इंजिनाच्या घरघरीएवढ्या आवाजात गोड चव मंदावते आणि टोमॅटो, पिकलेलं चीज यांच्यात असते ती भरलेली, रसदार चव वाढते. त्या चवीला ते उमामी म्हणतात. माझ्या डाळीचं कोडं इथे सुटलं. तिच्यात टोमॅटो भरपूर होता.

आणि चहा! पाणी तिथे ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांनाच उकळतं, मग चहा उतरणार कसा? जे. आर. डी. टाटा एअर इंडियाच्या विमानात बसले की चहाच्या रंगापासून सगळ्याची टिपणं काढून खात्याला पाठवायचे, असं वाचलं. मला हा माणूस त्यासाठी फार मोठा वाटतो. मालकाने स्वतः ताट खाऊन बघणं ही गोष्ट दहा सल्लागारांनी होत नाही. मी आजही पहिल्या पंगतीआधी प्रत्येक टोपातला डावभर चाखतो, तुला माहीत आहे.

आता पैशांचं. ते साडेबेचाळीस हजारांचं ताट माझा हिशेब चुकल्यामुळे आलं होतं, आणि चूक मला माझ्याच धंद्यावरून कळली. लोक कार्यालयाला लाखभर भाडं देतात आणि म्हणतात जेवणाला फार खर्च आला. विमानातही जागाच महाग आहे. झोपता येईल अशी एक खुर्ची मागच्या भागातल्या तीन-चार खुर्च्यांची जमीन खाते. त्यांचा मोठा खर्च इंधनाचा, एकूण खर्चाच्या पाव हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत. त्यापुढे जेवण अगदी थोड्या टक्क्यांत बसतं. तरी काटकसर करायची वेळ आली की ताटावरच नजर जाते. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८७ मध्ये फर्स्ट क्लासच्या सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी केलं, त्यातून वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचले असं सांगतात. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत कौतुकाने शिकवतात. मला ती ऐकून बरं वाटलं नाही. एक ऑलिव्ह कुणाला कळणार नाही हे खरं, पण पुढच्या वर्षी दुसरं जातं, आणि मग एके दिवशी ताटात कुणाचंच मन उरत नाही. लग्नाच्या धंद्यात काजू असेच गेले.

उलटी गोष्टही घडली आहे. १९५८ मध्ये अटलांटिकवरून जाणाऱ्या स्वस्त तिकिटाच्या प्रवाशांना फक्त साधे, गार सँडविच द्यायचे, असा विमान कंपन्यांच्या संघटनेचा नियम होता, म्हणजे महाग तिकिटाचा मान राहावा. स्कँडिनेव्हियातल्या एसएएसने उघड्या ब्रेडवर मांस, मासे, भाज्या असे थर रचून भरगच्च ताट दिलं आणि म्हटलं, आमच्याकडे यालाच सँडविच म्हणतात. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली, आणि एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला. गरिबाला चांगलं जेवू घातलं म्हणून दंड! पंगतीत उजवं-डावं करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला सांगायला नको.

आपल्याकडचं थोडं सांगतो, तुला उपयोगी पडेल. देशातल्या देशात एअर इंडियाने २०१७ मध्ये इकॉनॉमीत मांसाहार बंद केला होता, बिझनेसमध्ये चालू ठेवला होता; २०२२ मध्ये तो इकॉनॉमीतही परत आला. इंडिगोसारख्या स्वस्त कंपनीनेही नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबईवर पुढच्या खुर्च्या सुरू केल्या आणि तिथे जेवणाचा डबा देतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून वरच्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी १२ चा १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर पाचच आहे. अडीच लाखांच्या भाड्यावर वाढलेले सहा टक्के म्हणजे पंधरा हजार. एवढ्यात माझ्याकडे पंचेचाळीस माणसं पोटभर जेवतात.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली ती तू करू नकोस, वहिनी शाकाहारी आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. तिकीट काढणाऱ्या माणसाने हिच्यासाठी "हिंदू मील" निवडलं. आम्हाला वाटलं, झालं काम. विमानात हिच्यापुढे कोंबडी आली. बऱ्याच विमान कंपन्यांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं, पण मांसाहारी जेवण. शाकाहारी हवं असेल तर "एशियन व्हेजिटेरियन" सांगावं लागतं, जैन हवं असेल तर ते वेगळं. निदान चोवीस तास आधी नोंदवायचं, आणि नोंद झाली का ते स्वतः फोन करून विचारायचं. त्या हवाईसुंदरीने फार धावपळ केली बिचारीने, पण मोजून चढवलेल्या ताटांत जास्तीचं शाकाहारी ताट कुठून येणार? शेवटी तिने तिच्या वाट्याची फळं आणून दिली. हिला कोंबडीच्या वासाने जेवणच नकोसं झालं होतं.

आणि तेव्हा मी पिशवीतली कडक भाकरी काढली.

नाना, पंचवीस वर्षं मी लोकांना जेवू घालतोय, पण त्या रात्री मला ती भाकरी पहिल्यांदा कळली असं म्हटलं तरी चालेल. आपली पातळ, तीळ लावलेली, ज्वारीची भाकरी, तव्यावरून उतरवून निखाऱ्याजवळ पूर्ण सुकवलेली. तिच्यात पाणीच नाही, तर ती कोरडी हवा तिचं काय वाकडं करणार? रोटी जिथे चामडं झाली तिथे ही तशीच कुरकुरीत, खळकन मोडली. वर शेंगाची चटणी. मीठ मंदावलं, पण तिखट मंदावत नाही, कारण तिखटपणा ही चव नाहीच, ती जिभेला लागणारी आग आहे, तिची वाट वेगळी. कुटून तेल सुटलेला शेंगदाणा, लसूण, लाल मिरची. मी त्यांची ती डाळ वाटीभर मागून घेतली, तिच्यात भाकरी चुरली आणि हिला दिली. ही पोटभर जेवली. शेजारचे एक गुजराती काका बघत होते, त्यांना विचारलं, हवी का? त्यांनी दोन खाल्ल्या आणि पत्ता लिहून घेतला.

मला तेव्हापासून एकच वाटतं. मुंबईहून उडणाऱ्या विमानाच्या त्या महागड्या ताटात ज्वारीची कडक भाकरी, टोमॅटोचं सार, मटकीची उसळ आणि चमचाभर चटणी असली पाहिजे. हे सगळं पदार्थ टिकावेत म्हणूनच आपल्या बायकांनी शोधलं आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळून वर्षं झाली. आता तर आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरूनच जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. मी एका मोठ्या उड्डाण-स्वयंपाकघराला पत्र आणि नमुन्याचं खोकं पाठवणार आहे. त्या पोराने पत्ता दिलाय. अडचण एक आहे आणि ती खरी आहे: शेंगदाण्याची काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी असते, म्हणून विमानवाले त्याला बिचकतात. त्यासाठी मी जवसाची आणि कारळ्याची चटणी करून बघतोय. कारळ्याची जमली आहे, जवसाची अजून कडसर होते.

तूही विमानात शेंगाची चटणी उघडण्याआधी शेजाऱ्याला विचार. आणि सुरक्षा तपासणीत तिखट-लोणच्याला हातातल्या पिशवीत अडवतात. माझी चटणीची पुडी त्या माणसाने उघडून, वास घेऊन जाऊ दिली, पण तुला तसा माणूस भेटेल असं नाही. म्हणून हातात नुसती भाकरी ठेव, चटणी मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्या बॅगेतही नकोत, वहिनी लेकीसाठी नक्की भरतील म्हणून सांगतो. सुकं खोबरं पेट घेतं म्हणून २०२२ पासून त्याला बंदी आहे. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं जे असेल ते तिथल्या अधिकाऱ्यांना सांगून टाक.

राहिला तुझा प्रश्न. जेवणासाठी बिझनेस क्लास काढू नकोस. तुझ्या पाठीसाठी काढायचा असेल तर जरूर काढ, पंधरा-सोळा तास आडवं पडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, हिचा गुडघा त्या रात्री दुखला नाही. पाठ ठीक असेल तर मागे बस, आणि राहिलेल्या पैशांत लेकीकडे आणखी एक महिना राहा. पहिलं विमानातलं जेवण ११ ऑक्टोबर १९१९ ला लंडन-पॅरिस विमानात तीन शिलिंगांना विकलं गेलं, तेही एका खोक्यात बांधलेलं गार खाणंच होतं. डबा घेऊन चढण्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बायकांची भाकरीची भट्टी लागणार आहे. शंभराचं खोकं पाठवू की दोनशेचं, आणि तिळाच्या हव्यात की साध्या, एवढं वहिनींना विचारून कळव. निघायची तारीखही लिही, म्हणजे ताज्या सुकवून घेईन.

तुझा,
आप्पा